बिनग्रहाच्या ताऱ्यात सापडलेला ग्रह : अल्फा सेंटॉरी बीबीचं प्रकरण

ऑक्टोबर २०१२ मध्ये जिनिव्हा वेधशाळेच्या संघाने 'नेचर'मध्ये जाहीर केलं की अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह फिरतो आहे. ग्रहाचं नाव अल्फा सेंटॉरी बीबी. त्याचा परिभ्रमणकाळ ३.२३६ दिवस होता. तीन वर्षांनी ऑक्सफर्डच्या तिघांनी जिनिव्हाच्या मापनांच्या फक्त वेळा घेतल्या, त्या वेळांवर संगणकात एक बनावट तारा बसवला आणि जिनिव्हाची सगळी आकडेमोड जशीच्या तशी त्याच्यावर चालवली. या बनावट ताऱ्याभोवती ग्रह ठेवलेलाच नव्हता. तरीही ग्रह सापडला, आणि तोसुद्धा ३.२३६ दिवसांचाच.

बाह्यग्रहांच्या, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या शोधात सिम्युलेशनचा, म्हणजे अशा संगणकातल्या नकलेचा, उपयोग दोन टोकांना होतो. दुर्बीण वळवण्याआधी काय दिसू शकेल ते ताडायला, आणि दिसल्यावर जे दिसलं ते खरं का हे तपासायला. या प्रकरणात दोन्ही टोकं एकाच ताऱ्यावर भेटतात, आणि दोन्हीकडे आकडे उघड आहेत. त्यामुळे सिम्युलेशन कुठे उपयोगी पडलं आणि कुठे त्याने गाफील ठेवलं, हे बोट ठेवून दाखवता येतं.

तारा

नरतुरंग तारकासमूहातला मित्र, म्हणजेच अल्फा सेंटॉरी, मे महिन्याच्या रात्री गोव्यातून दक्षिण क्षितिजावर चौदाएक अंशांपर्यंत वर येतो. मुंबईतून जेमतेम दहा अंश, तेही समोर इमारती नसतील तर. डोळ्यांना एक दिसणारा हा तारा म्हणजे दोन तारे आहेत. ए सूर्यासारखा आणि बी त्याहून थोडा लहान, थोडा नारिंगी. अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. दोघं एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. कक्षा बरीच लांबट असल्यामुळे सगळ्यात जवळ येतात तेव्हा त्यांच्यात पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण ११ पट, म्हणजे सूर्यापासून शनीपेक्षा थोडं जास्त अंतर उरतं. प्रॉक्सिमा हा तिसरा भिडू या दोघांपासून खूप दूर आणि खूप मंद.

शनीच्या थोडं पलीकडे दुसरा सूर्य येऊन जात असेल, तर बी भोवती ग्रह मुळात घडतील का? पहिली सिम्युलेशनं याच प्रश्नावर झाली.

आधीचं भाकीत

२००८ मध्ये हाविएरा गेडेस, ग्रेगरी लाफलिन आणि सहकाऱ्यांनी बी भोवती चंद्राएवढ्या शेकडो गोळ्यांची चकती संगणकात ठेवली आणि वीस कोटी वर्षं चालवली. आठ वेगवेगळ्या सुरुवातींतून आठही वेळा ग्रहमाला तयार झाली आणि प्रत्येकीत पृथ्वीच्या एक ते दोन पट वस्तुमानाचा निदान एक ग्रह निघाला. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं, आणि ते महत्त्वाचं होतं. या काल्पनिक ग्रहमालांकडे पृथ्वीवरून पाहिलं तर ताऱ्याच्या वेगाची, म्हणजे ग्रहाच्या ओढीने तारा किती हलतो याची, कोणती मापनं मिळतील, तेही त्यांनी तयार केलं. निष्कर्ष असा की जीवनयोग्य पट्ट्यातला, म्हणजे पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावरचा, पृथ्वीच्या १.८ पट वस्तुमानाचा ग्रह सलग तीन वर्षं दाट निरीक्षणं केली की खात्रीने सापडावा.

त्याच सुमारास फिलिप थेबो आणि सहकाऱ्यांच्या सिम्युलेशनने नेमकं उलट सांगितलं. गेडेस यांनी चंद्राएवढे गोळे आयते धरले होते. थेबो एक पायरी मागे गेले आणि विचारलं, हे गोळे तरी बनतील का? उत्तर आलं, बी पासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या निम्म्याच्या पलीकडे किलोमीटरभराचे खडक एकमेकांवर इतक्या वेगाने आदळतात की चिकटण्याऐवजी फुटतात. म्हणजे एकाच्या सिम्युलेशनमध्ये आठपैकी आठ, आणि दुसऱ्याच्या सिम्युलेशनमध्ये सुरुवातच नाही. दोघांचंही गणित चूक नव्हतं. घड्याळ कुठून सुरू केलं, एवढाच फरक.

निरीक्षकांनी अर्थातच आशावादी भाकीत उचललं. चिलीत सेरो टोलोलोला डेब्रा फिशर यांचा संघ, न्यूझीलंडमध्ये माउंट जॉन वेधशाळेत आणखी एक, आणि चिलीतच ला सिला इथे हार्प्स या वर्णपट मोजणाऱ्या उपकरणासह जिनिव्हाचा संघ, अशी तीन ठिकाणी एकाच ताऱ्यावर नजर लागली.

गेडेस यांच्या भाकितात एक अट होती, आणि पुढचं सगळं त्या अटीवर फिरतं. त्यांनी मापनांत मिसळलेला नॉइज, म्हणजे मापनातली खळखळ, पांढरा होता, म्हणजे आजच्या मापनातल्या चुकीचा उद्याच्या चुकीशी काही संबंध नाही. अशा नॉइजला फक्त मापनांची संख्या वाढवून हरवता येतं. खरा तारा इतका सभ्य नसतो.

अर्धा मीटर

ग्रह ताऱ्याला किंचित हलवतो. तारा आपल्याकडे येतो तेव्हा त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्याकडे सरकतात, दूर जातो तेव्हा तांबड्याकडे. जिनिव्हाच्या झेवियर ड्युमुस्क यांच्या संघाने फेब्रुवारी २००८ ते जुलै २०११ या काळात ४५९ मापनं जमवली आणि त्यातून सेकंदाला ०.५१ मीटरचं दोलन काढलं. हार्प्सच्या कॅमेऱ्यावर हे सरकणं एका पिक्सेलच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतं.

हा आकडा कागद-पेन्सिलीने ताडून पाहता येतो. पृथ्वी सूर्याला सेकंदाला सुमारे ९ सेंटिमीटर हलवते. ३.२३६ दिवस हा आपल्या वर्षाच्या ११३ पटींनी लहान काळ, आणि परिणाम त्याच्या घनमुळाने वाढतो, म्हणजे ४.८ पट. ग्रहाचं किमान वस्तुमान पृथ्वीच्या १.१३ पट धरलेलं. तारा सूर्यापेक्षा किंचित हलका असल्यामुळे आणखी पाचेक टक्के. गुणाकार केला की ५१ सेंटिमीटर येतात. तेव्हा ग्रह असताच, तर भौतिकशास्त्राच्या बाजूने कुठेही खोट नव्हती. हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण खोटा संकेत वेडावाकडाच दिसतो अशी आपली समजूत असते.

निरीक्षणांची पद्धतही सिम्युलेशनमधूनच ठरली होती. ताऱ्याचा पृष्ठभाग उकळत असतो. काही मिनिटांची कंपनं आणि काही तासांची कणरचना (उकळीचे बुडबुडे) मिळून वेगात भर घालतात. ड्युमुस्क यांनी २०११ मध्ये या हालचालींचं सिम्युलेशन करून दाखवलं होतं की रात्रीतून दहा-दहा मिनिटांची तीन मापनं दोन-दोन तासांच्या अंतराने घेतली तर हा भाग बराचसा सरासरीत विरून जातो. इथपर्यंत सिम्युलेशनने उत्तम काम केलं, यात शंका नाही.

उरले मोठे प्रश्न. ए च्या ओढीमुळे बी च्या वेगात होणारा बदल ग्रहाच्या संकेतापेक्षा शेकडो पटींनी मोठा आहे. ताऱ्याचं चुंबकीय चक्र वर्षांच्या हिशेबाने वेग वरखाली करतं. तारा स्वतःभोवती साधारण ३८ दिवसांत फिरतो, त्याबरोबर डाग फिरतात, आणि त्यांच्यामुळे सेकंदाला मीटर-दीड मीटरचा खोटा वेग दिसतो. हे डाग महिन्या-दोन महिन्यांत बदलतात, म्हणजे त्यांची लय पक्कीही नसते. जिनिव्हाच्या संघाने हे सगळं एकेक करून वजा केलं. डागांसाठी ३८ दिवसांची लय आणि तिचे निम्मे, तृतीयांश, चतुर्थांश काळ, तेही प्रत्येक हंगामासाठी वेगळे. सगळं मिळून २३ बदलते आकडे. वजाबाकीनंतर जे उरलं त्यातल्या लयी तपासल्या तेव्हा ३.२३६ दिवसांच्या लयीचं शिखर उठून दिसत होतं, आणि ते योगायोगाने आलं असण्याची शक्यता ०.०२ टक्के सांगितली गेली.

०.०२ टक्के हा आकडा ऐकला की माणूस निर्धास्त होतो. पण अशा आकड्यामागचा प्रश्न नीट वाचावा लागतो. ही शक्यता सहसा उरलेल्या मापनांची अदलाबदल करून, तीच पुन्हापुन्हा ढवळून काढतात. म्हणजे तीही एक छोटी सिम्युलेशनच. फक्त ती वजाबाकी झाल्यानंतर सुरू होते. वजाबाकीनेच काही घडवलं असेल तर ती त्याबद्दल अवाक्षर काढू शकत नाही.

पहिली शंका

जर्मनीतल्या टाउटेनबर्ग वेधशाळेचे आर्टी हॅट्झेस यांनी २०१३ मध्ये तीच उघड मापनं घेऊन डागांचा परिणाम दोन वेगळ्या रीतींनी काढला. एका रीतीत ३.२३६ दिवसांचा संकेत आला, पण योगायोगाची शक्यता काही टक्क्यांवर गेली. दुसऱ्या रीतीत काही लक्षणीय आलंच नाही. रीत थोडी बदलली की पुसटसा संकेत येई, पण तोही फक्त एक दशांश मापनं असलेला एक तुकडा कसा साफ केला त्यावर अवलंबून.

मग त्यांनी दोन गोष्टी तपासल्या. ग्रह खरोखर असता तर त्यांच्या रीतींना तो किती ठळक दिसायला हवा होता? दिसला त्यापेक्षा जास्त. आणि ग्रह नसलेला निव्वळ नॉइज, तितकाच, त्याच वेळांना मोजला तर? २.८ ते ३.३ दिवसांच्या पट्ट्यात नॉइजची शिखरं सगळ्यात जास्त ३.२ दिवसांपाशीच जमत होती. त्यांची उंची ग्रहाच्या संकेताच्या सुमारे निम्मी. ताऱ्याच्या हालचालींनी ती दुप्पट होऊ शकेल असं त्यांनी लिहिलं, आणि ग्रह म्हणायची घाई नको एवढंच सुचवलं.

मला हा निबंध या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित वाटतो. उत्तर जवळजवळ त्यात होतं. पण निम्मी उंची म्हणजे निम्मी उंची, आणि उरलेली निम्मी कुठून येते हे दाखवायचं राहिलं होतं.

दरम्यान हबल दुर्बीण कामाला लागली. इतक्या जवळच्या कक्षेत ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसण्याची शक्यता दहात एक असते, म्हणून २०१३ आणि २०१४ मध्ये मिळून ४० तास बी कडे पाहिलं गेलं. त्या ग्रहाचं अधिक्रमण होत नाही, असं ९६.६ टक्के खात्रीने निघालं. त्याने ग्रह नाही असं सिद्ध होत नाही, कारण कक्षा तिरकी असली तर अधिक्रमण दिसणारच नाही. याच काळात कोणी कक्षेच्या स्थैर्याची सिम्युलेशनं करून या ग्रहाचं वस्तुमान जास्तीत जास्त किती असेल तेही काढलं. मूळ मालमत्तेचाच वाद सुरू असताना वाटणीपत्र करण्यातला प्रकार.

रिकामा तारा

ऑक्टोबर २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या तिघांचा, म्हणजे विनेश राजपॉल, सुझॅन एग्रेन आणि स्टीफन रॉबर्ट्स यांचा छोटासा निबंध आला. त्यांचा रोख मापनांवर नव्हता, मापनांच्या वेळापत्रकावर होता.

पृथ्वीवरची दुर्बीण रात्रीच बघते. ढग आले की बघत नाही. दुर्बिणीचा वेळ वाटून मिळतो, म्हणून काही रात्री सलग आणि मग खंड. वर्षातले काही महिने तारा सूर्याच्या बाजूला जातो. या सगळ्या वेळांना स्वतःच्याच काही लयी असतात. वेगाचा एकही आकडा न बघता, फक्त वेळांचा वर्णपट काढला, म्हणजे त्यांत कोणती लय किती जोरात आहे ते पाहिलं, तरी त्यात शिखरं दिसतात. त्याला विंडो फंक्शन म्हणतात. दर रविवारी शेजाऱ्यांकडे जेवायला जाणाऱ्याला त्या घरात रोज मटण शिजतं असं वाटावं, त्यातली गत.

एक सोपं उदाहरण. रोज त्याच वेळेला एकच मापन घेतलं, तर ३.२३६ दिवसांची लय आणि १.४४७ दिवसांची लय यांत फरक करता येत नाही. पहिलीत दिवसाला ०.३०९ फेऱ्या होतात, दुसरीत ०.६९१. बेरीज बरोबर एक, म्हणून दररोजच्या ठोक्यावर दोघी तंतोतंत सारखे बिंदू देतात. प्रत्यक्षातलं वेळापत्रक याहून कितीतरी गुंतागुंतीचं, आणि त्यामुळे ताऱ्याची एक लय अनेक खोट्या जागी उमटते.

राजपॉल यांनी दाखवलं की जिनिव्हाच्या वेळापत्रकाच्या वर्णपटात ३.२४ दिवसांपाशी एक शिखर मुळातच होतं. एकटंच नव्हतं, त्याच्या आसपास आणखीही होती, म्हणून ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. डागांचा परिणाम वजा करताना बाकीची शिखरं योगायोगाने दबली आणि हे एकटं उभं राहिलं. मग त्यांनी तो बनावट तारा घेतला. वेळा त्याच, ३.२४ दिवसांच्या जवळपास कोणतीही खरी लय नाही, आणि वजाबाकीची २३ आकड्यांची पद्धत मूळ संघाचीच. निष्कर्षही तोच आला: सेकंदाला अर्धा मीटर, ३.२३६ दिवस, तीन सिग्मा, म्हणजे योगायोग मानायला कठीण इतका ठळक.

हॅट्झेस यांच्या नॉइजला निम्मीच उंची मिळाली होती. पूर्ण उंची मिळाली ती ताऱ्याच्या हालचाली आणि वजाबाकीची पूर्ण साखळी सिम्युलेशनमध्ये आल्यावर. माझ्या मते या प्रकरणातून उचलायची गोष्ट हीच आहे. रिकामा तारा कच्च्या मापनांच्या जागी ठेवायचा आणि पहिल्या पायरीपासून सगळं त्याच्यावर करायचं. शेवटच्या पायरीवर ठेवलेला रिकामा तारा सगळं ठीक असल्याचंच सांगतो.

जिनिव्हाच्या संघाला नावं ठेवायची घाई मात्र करू नये. त्यांनी सगळी मापनं वेळांसकट प्रसिद्ध केली होती. ती नसती तर ना हॅट्झेस काही तपासू शकले असते, ना राजपॉल. ड्युमुस्क यांनी ऑक्सफर्डचं काम चांगलं असल्याचं आणि ग्रह बहुधा नसल्याचं उघडपणे मान्य केलं. पण त्यांचं खरं उत्तर दुसऱ्या एका कामात दिसतं. त्यांनी डाग, कणरचना, कंपनं या सगळ्यांसह बनावट ताऱ्यांची मापनं तयार केली, त्यांत ग्रह लपवले, आणि वेगवेगळ्या संघांना काय लपवलं आहे ते न सांगता शोधायला दिली. २०१७ मध्ये निकाल आला. जे संघ ताऱ्याच्या सक्रियतेची चिन्हं वेगाबरोबर वाचत होते आणि आजचा नॉइज उद्याच्या नॉइजशी बांधलेला आहे असं धरून चालत होते, ते पुढे राहिले. एका ठरावीक मर्यादेच्या वर संकेत असेल तर चांगल्या पद्धती ८० ते ९० टक्के ग्रह पकडतात आणि सर्वोत्तम संघांना तिथे एकही खोटा ग्रह सापडला नाही. मर्यादेखाली मात्र सापडण्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं आणि खोटे ग्रह डोकावू लागतात. स्वतःच्या ग्रहावर शंका घेतली जात असताना सगळ्या क्षेत्रासाठी परीक्षेचा पेपर काढणं, याला मोठं मन लागतं.

भाकिताचा हिशेब

आता २००८ च्या भाकिताकडे. तीन वर्षं, १.८ पृथ्वी. लिली झाओ, डेब्रा फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सेरो टोलोलो आणि ला सिलासह तीन उपकरणांची सुमारे दशकभराची खरी मापनं घेतली आणि त्यात संगणकाने ग्रह मिसळून पाहिले: कोणता ग्रह असता तर नक्की दिसला असता? बी च्या जीवनयोग्य पट्ट्यात सरासरी ८.४ पृथ्वी वस्तुमानाहून मोठे ग्रह नाहीत, इतकंच सांगता आलं. ए साठी तर ५३. वेळ तिपटीहून जास्त आणि मर्यादा साडेचार पटींनी सैल. ग्रह घडवणारा गेडेस यांचा भाग चुकला की नाही हे त्यामुळे आजही ठरत नाही. चुकली ती सापडण्याची मुदत, आणि तिच्या मुळाशी पांढरा नॉइज.

त्याच अभ्यासात प्रॉक्सिमासाठी मात्र मर्यादा ०.४७ पृथ्वीपर्यंत उतरली. छोट्या ताऱ्याला छोटा ग्रहही जोरात हलवतो आणि जीवनयोग्य पट्टा ताऱ्याला अगदी लागून असतो. प्रॉक्सिमा बी हा ग्रह ऑगस्ट २०१६ मध्ये जाहीर झाला तेव्हा संकेत सेकंदाला १.४ मीटरचा होता, काळ ११.२ दिवसांचा. त्याआधीच्या विस्कळीत मापनांत तो डोकावत होता, पण भरवसा नव्हता. म्हणून जानेवारी ते मार्च २०१६ मध्ये हार्प्सने जवळजवळ रोज रात्री पाहिलं आणि त्याच वेळी दुसऱ्या दुर्बिणींनी ताऱ्याच्या तेजावर नजर ठेवली, डागांनी फसवू नये म्हणून. वेळापत्रक हा प्रयोगाचाच भाग आहे, हे तोवर सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

अल्फा सेंटॉरीत सध्या चर्चा आहे ती ए ची. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीने ऑगस्ट २०२४ मध्ये ताऱ्याचा झगमगाट झाकून त्याच्या शेजारी एक अंधुक ठिपका टिपला. साधारण शनीच्या वस्तुमानाचा वायुग्रह असावा असा. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा ठिपका नव्हता. संघाने लाखो संभाव्य कक्षा संगणकात चालवल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की त्यांतल्या जवळपास निम्म्या कक्षांत ग्रह त्या दोन्ही वेळी ताऱ्याच्या इतका जवळ गेला असता की वेबला दिसलाच नसता. म्हणजे न दिसणं हे नसण्याचं लक्षण मानता येत नाही. सिम्युलेशन इथे ग्रहाला बाद करण्याऐवजी जिवंत ठेवतं आहे. मात्र त्या लाखो कक्षांतली प्रत्येक कक्षा पहिला ठिपका ग्रहाचाच होता असं धरून सुरू होते. तो ग्रह तिथे परत दिसतो का हे पाहण्यावर आता सगळं अवलंबून आहे, आणि कुठे पाहायचं हे या अजून शक्य असलेल्या निम्म्या कक्षांनी सांगून ठेवलं आहे.